‘पाचोड’ आणि ‘पाचोड ’ : एका रिकाम्या जागेच्या करामती

पाचोडच्या मोसंबी बाजारात एका अडतीच्या गाळ्यावर भाचा लॅपटॉप उघडून बसला होता. दिवसभराच्या पट्ट्या एक्सेलमध्ये चढवून झाल्या होत्या, आता गावनिहाय बेरीज लावायची होती. थेरगाव जुळलं, आडूळ जुळलं, पण खुद्द पाचोडचाच मेळ बसेना. वहीत २१ पट्ट्या, संगणकाच्या बेरजेत १४.

“मामा, पाचोडच्या ७ पट्ट्या गायब!”

मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. “गायब कशा होतील? त्या काय समोर दिसायल्यात की.”

दिसत तर होत्याच. सातही ओळींत ठसठशीत ‘पाचोड’. फक्त त्या सात ठिकाणी नाव टाइप करून झाल्यावर कुणाचा तरी अंगठा स्पेसबारवर एकदा जास्त टेकला होता. आपल्या डोळ्याला ती जागा म्हणजे काहीच नाही. संगणकाच्या लेखी ते एक अख्खं अक्षर, आणि अक्षर वेगळं म्हणजे गावही वेगळं. अंगठ्याएवढ्या चुकीने पाचोडच्या हद्दीत आठवं आश्चर्य घडलं होतं. त्यानिमित्ताने या न दिसणाऱ्या जागेचा थोडा पंचनामा.

१. रिकाम्या जागेलाही नंबर आहे

संगणकाच्या अक्षरांची आस्की ही यादी १९६३ साली ठरली. तिच्यात इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, शून्य या अंकाचा ४८ आणि स्पेसचा ३२. छापता येणाऱ्या सगळ्या चिन्हांच्या रांगेत स्पेस पहिली उभी. म्हणूनच साध्या क्रमवारीत ज्या नावाच्या आधी चुकून जागा पडते ते थेट यादीच्या डोक्यावर जाऊन बसतं. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘अंकुश’च्याही वर दिसलं तर चमत्कार समजू नका, आधी डावीकडची जागा तपासा.

२. पाचोड तीन अक्षरी, पण लांबी पाच

आपण म्हणतो पा-चो-ड, अक्षरं तीन. एक्सेलला लांबी विचारा, तो पाच सांगतो: प, काना, च, ओकार आणि ड. संगणक काना-मात्रा सुट्ट्या मोजतो. उत्तर सहा आलं की समजायचं, मागे कुणीतरी दबा धरून बसलंय. गंमत पुढे आहे. मायएस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ‘लेंग्थ’ने विचारलं तर उत्तर येतं १५, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मागची स्पेस मात्र एकाच बाइटची. म्हणजे १५ बाइटांच्या गावाला १ बाइटाची जागा गायब करते. मुंगी होऊन साखर खाणं म्हणतात ते हेच.

३. सारखं की वेगळं? पंचांचंच एकमत नाही

‘पाचोड’ आणि ‘पाचोड ’ हे एकच का? उत्तर कुठल्या डेटाबेसला विचारता यावर आहे. डेटाबेसच्या एस्क्यूएल या भाषेच्या १९९२च्या मानकाने सांगितलं, की तुलना करताना आखूड शब्दाला मागून जागा लावून दोघांची लांबी सारखी करावी. मायएस्क्यूएलची जुनी कोलेशनं, म्हणजे तुलनेचे नियम, तेच करतात, त्यामुळे शेवटची जागा माफ. ८.० आवृत्तीपासून जे कोलेशन आपोआप मिळतं त्यात ही माफी नाही. पोस्टग्रेएस्क्यूएल ‘व्हारचार’ रकान्यात शेवटची जागा काटेकोरपणे मोजतो, ‘चार’ रकान्यात मात्र तिच्याकडे काणाडोळा करतो. आणि शब्दाच्या सुरुवातीला पडलेली जागा? तिला कुणीच माफ करत नाही. एका बाबतीत तरी पंच एक झाले म्हणायचे.

४. पोत्यात कोंडा भरणारा रकाना

हा ‘चार’ रकाना म्हणजे ठरलेल्या मापाचं पोतं. २० अक्षरांचा रकाना केला आणि त्यात पाच चिन्हांचा ‘पाचोड’ टाकला, तर उरलेल्या १५ जागा डेटाबेस स्वतःच स्पेस भरून पुऱ्या करतो. ‘व्हारचार’ मात्र शिवून घेतलेल्या पिशवीसारखा, माल तेवढंच माप. जुन्या प्रणालीतली यादी नव्या प्रणालीत आणली की नावांमागे लांबच लांब मोकळं रान दिसतं ते बहुधा याच पोत्यातून सांडलेलं असतं. ऑपरेटरला बोल लावण्याआधी रकान्याचा प्रकार पाहावा.

५. रिकाम्याचंही रिकामं

ओरॅकल या डेटाबेसची तऱ्हाच न्यारी. तिथे रिकामा मजकूर आणि ‘नल’, म्हणजे माहितीच नसणं, हे दोन्ही एकच. नुसत्या चार जागा टाकलेला रकाना ट्रिम केला, म्हणजे टोकांच्या जागा कापल्या, की हाती उरतं ‘नल’. त्यातून ‘नल’ची तुलना कुणाशीच होत नाही, स्वतःशीसुद्धा नाही. ‘गाव रिकामं आहे अशा नोंदी दाखव’ म्हणून रिकाम्या मजकुराशी बरोबरी लावली तर हाती शून्य ओळी येतात आणि नवखा माणूस तासभर डोकं धरून बसतो.

६. जाळं मोठं टाकलं की शेजारचं गावही अडकतं

“जागेची भानगड नको, ‘लाइक’ वापर, दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह लाव,” असा सल्ला हमखास मिळतो. पाचोडकरांनी तो जपून घ्यावा. पैठण तालुक्यात पाचोड बुद्रुक आहे आणि पाचोड खुर्दही आहे. ‘%पाचोड%’ असा शोध घेतला की दोन्ही गावं एका टोपलीत येतात. बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’चं मराठी रूप, म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. हे झालं अर्थाचं. लिहिण्याचं काय? ‘पाचोड बु.’, ‘पाचोड बु॥’, ‘पाचोड (बु)’, ‘पाचोड(बु)’, ‘पाचोड बुद्रुक’. गाव एक आणि संगणकाच्या दप्तरी पाच. सरपंच मात्र एकच!

७. ट्रिम नावाची कात्री

यावर पहिला उपाय म्हणजे ट्रिम. ‘एलट्रिम’ डावीकडची जागा कापतो, ‘आरट्रिम’ उजवीकडची, ‘ट्रिम’ दोन्हींकडची. एवढी साधी कात्री, पण मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्ये दोन्ही बाजू एकदम कापणारा ‘ट्रिम’ आला तो २०१७च्या आवृत्तीत. तोवर लोक एकात एक एलट्रिम-आरट्रिम घालून काम भागवत होते.

दोन कात्र्यांतला एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एक्सेलचा ट्रिम शब्दांच्या मधल्या जादा जागाही कमी करून एकच ठेवतो. डेटाबेसचा ट्रिम मधल्या भानगडीत पडत नाही. याचा प्रत्यय आमच्या जिल्ह्याइतका कुणाला येणार? ‘औरंगाबाद’ हे एकसंध नाव होतं, चुकायला फटच नव्हती. २०२३मध्ये ‘छत्रपती संभाजीनगर’ झालं आणि नावाच्या पोटातच एक जागा आली. कुणी तिथे एक स्पेस देतो, कुणी दोन, कुणी ‘संभाजी नगर’ असं तोडून दुसरी फट पाडतो. ट्रिम दोन्ही टोकांना पहारा देत उभा, आणि चोर माजघरात.

८. कात्रीला न जुमानणारी जागा

आता अस्सल डांबरट गडी. वेबपानावरून यादी कॉपी केली, एक्सेलमध्ये चिकटवली, ट्रिम मारला, तरी लांबी सहाच! कारण ती साधी ३२ क्रमांकाची स्पेसच नाही. ती १६० क्रमांकाची, ‘न तुटणारी’ जागा. ओळ संपली तरी ‘डॉ.’ आणि पुढचं नाव यांची फारकत होऊ नये, रक्कम एका ओळीत आणि ‘रुपये’ दुसऱ्या ओळीत जाऊ नये, यासाठी ती बनवली गेली. हेतू सोज्वळ. पण दिसायला दोघी जुळ्या बहिणी आणि ट्रिमला फक्त थोरलीच ओळखता येते. उतारा असा: आधी ‘सब्स्टिट्यूट’ने १६० क्रमांकाच्या जागी साधी स्पेस घाला, मग ट्रिम चालवा. औषध तेच, अनुपान वेगळं.

९. जागा एक नव्हे, सतरा

जुळ्यांवर थांबू नका, कुटुंब मोठं आहे. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या यादीत ‘जागा’ या वर्गात तब्बल १७ चिन्हं आहेत. केसाएवढी बारीक आहे, एका अंकाच्या रुंदीची आहे, जपानी-चिनी अक्षराएवढी ऐसपैस आहे. सगळ्यांत विनोदी आहे आयर्लंडच्या प्राचीन ओघम लिपीची. ओघमची अक्षरं एका लांब रेषेवर खाचा पाडून लिहीत, म्हणून पुष्कळ फॉन्टांत तिची ‘रिकामी जागा’ चक्क रेघेसारखी दिसते. दिसणारी मोकळी जागा!

याउलट काही चिन्हांना रुंदीच नाही, शून्य. ती या सतरांतही मोडत नाहीत, त्यामुळे साध्या झाडूला लागत नाहीत. आणि त्यातलं एक थेट मराठीच्या घरात राहतं.

१०. वऱ्हाड दोन, नवरा एक

‘वऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला तो कोयरीसारखा अर्धा ‘र’ संगणकात दोन वाटांनी उमटतो. एका वाटेने नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्या, जुन्या वाटेने साधा ‘र’, हलन्त आणि मागे शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आतून मात्र दोघांचे क्रमांक वेगळे. एका कीबोर्डवरून ‘शेतकऱ्यांची यादी’ साठवली आणि दुसऱ्या कीबोर्डवरून तेच शब्द शोधले, तर साधा शोध बिनदिक्कत सांगेल: अशी नोंद नाही. यादी आहे, शेतकरी आहेत, शोधणाराही बरोबर आहे. फक्त वऱ्हाड एका दारात आणि मांडव दुसऱ्या. मराठी नावं शोधणाऱ्या कुठल्याही प्रणालीने साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपांचं एकच रूप करून घ्यावं, नाहीतर मंगलाष्टकांपर्यंत गाडी जातच नाही.

११. जोडायचं की तोडायचं?

मराठीत जागा हा व्याकरणाचा मामला आहे. ‘घरासमोर’, ‘पाचोडमध्ये’, ‘रस्त्यावर’ हे सगळे जोडून. ती अव्ययं शब्दयोगी आहेत, शब्दाला चिकटून राहणं त्यांच्या नावातच आहे. पण मोबाइलच्या कीबोर्डवर सुचवलेल्या शब्दाला बोट लावलं की मागे स्पेस फुकट मिळते आणि ‘पाचोड मध्ये’ अशी फाळणी होते. ‘सातबारा’चं घ्या. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला हा उतारा कुणी ‘सातबारा’ लिहितो, कुणी ‘सात बारा’, कुणी ‘७/१२’, कुणी ‘७ / १२’. तीच गत माणसांच्या नावांची: ‘भाऊसाहेब’ आणि ‘भाऊ साहेब’, ‘बाबासाहेब’ आणि ‘बाबा साहेब’. एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून असलं, की सख्खा माणूस स्वतःलाच परका ठरतो.

१२. आजोबांच्या मोडीत हा प्रश्नच नव्हता

कारण तिथे जागाच नव्हती! मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग शक्यतो लेखणी न उचलता अक्षरं लटकवत न्यायची. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्याने जाणायचं. परंपरा मोडीचं श्रेय देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंतांना देते. तो देवगिरी किल्ला आमच्याच जिल्ह्यात.

यात मोडी एकटी नाही. जुने रोमन ग्रंथही पुष्कळदा सलग लिहिले जात. शब्दांमध्ये नेमाने जागा सोडायची पद्धत युरोपात सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास आयरिश भिक्खूंनी रुळवली. लॅटिन ही त्यांची घरची भाषा नव्हती, शब्द कुठे तोडायचा हे कानाला कळेना, म्हणून डोळ्याची सोय केली. थाई भाषा आजही शब्दांमध्ये जागा सोडत नाही, तिथे शोधयंत्राला शब्दकोश हाताशी धरून शब्द सुटे करावे लागतात. म्हणजे ज्या जागेने भाच्याला रडवलं, ती मुळात वाचकावरचा उपकार म्हणून जन्माला आली.

१३. तालुक्यातले पहिले ‘डेटा क्लीनर’

डेटा साफ करणं ही काही काल-परवाची कला नाही. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी १२९०ची. जवळजवळ तीन शतकं ती हाताने नकलून घेतली जात होती, आणि प्रत्येक नकलेत कुणाचं अक्षर गळलेलं, कुणाची पदरची भर. नाथांनी प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, अपपाठ काढले. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करा, एकमेकींशी ताडून पाहा, घुसलेलं वेगळं काढा, एक खात्रीची प्रत ठेवा: आजच्या डेटावाल्यांचा सगळा अभ्यासक्रम यात आला. त्यांनी तो बिनवीज केला, इतकंच.

१४. एका जागेने अख्खं फोल्डर खाल्लं

आपण ‘ध’चा ‘मा’ ऐकून आहोत. इथे अक्षरही बदललं नाही. २०११ साली लिनक्ससाठीच्या बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक आतलं छोटं फोल्डर पुसण्याचा हुकूम होता. पत्ता लिहिताना ‘/यूएसआर’ या शब्दानंतर चुकून एक स्पेस पडली. संगणकाने त्याचे दोन पत्ते केले आणि पहिला होता ‘/यूएसआर’, प्रणालीचे बहुतेक सगळे प्रोग्राम जिथे राहतात तो वाडाच. ज्यांनी स्क्रिप्ट चालवली त्यांचा वाडा साफ. दुरुस्ती काय केली? एक जागा पुसली.

१५. आणि कुणी नुसत्या जागांचीच भाषा केली

१ एप्रिल २००३ रोजी इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या एडविन ब्रॅडी आणि ख्रिस मॉरिस यांनी ‘व्हाइटस्पेस’ नावाची प्रोग्रामिंग भाषा जाहीर केली. तिच्यात अर्थ फक्त स्पेस, टॅब आणि नव्या ओळीला. बाकी सगळी अक्षरं बिनकामाची, संगणक त्यांच्याकडे बघतही नाही. प्रोग्राम छापून घेतला तर हाती कोरा कागद! तारीख एप्रिल फूलची, पण भाषा खरोखर चालते.

१६. ४३१ १२१ की ४३११२१?

पाचोडचा पिनकोड ४३११२१. पिनकोडची कल्पना मराठी माणसाची: टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. पाटीवर आपण ‘४३१ १२१’ असा मधे श्वास घेऊन लिहितो, कारण पहिले तीन आकडे टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचे. आधारचे १२ अंकही कार्डावर चार-चारच्या तीन गटांत छापतात. डोळ्याला गट सोपे जातात, पाठही होतात. मग कार्डावर पाहून जसंच्या तसं टाइप केलं की एखादा फॉर्म लाल अक्षरांत ओरडतो: अंक चुकीचा! अंक बरोबर असतो, जागा नडलेली असते. माणसाने जागा द्यावी, यंत्राने ती मुकाट पुसून घ्यावी. फॉर्म बनवणाऱ्याला ही एका ओळीची सेवा आहे.

१७. झाडू कुठे मारायचा?

शोधताना प्रत्येक वेळी ट्रिम लावला तर? चालतं, पण जड जातं. डेटाबेसची सूची म्हणजे अकारविल्हे लावलेली खतावणी, हवं ते पान चटकन उघडतं. पण तुम्ही म्हणालात, “आधी प्रत्येक नाव झटकून घे आणि मग जुळव,” की ती सूची सहसा निरुपयोगी ठरते आणि डेटाबेसला एकेक ओळ उचकून पाहावी लागते. शंभर पट्ट्यांना जाणवणार नाही, लाखो नोंदींना घाम फुटेल.

म्हणून झाडू दारातच मारावा. नोंद आत येतानाच ट्रिम करा, मधल्या दोन जागांची एक करा, १६० क्रमांकवालीला साधी करा, अर्धा ‘र’ एका रूपात आणा. गावाचं नाव टाइप करायला न देता यादीतून निवडायला लावा. जुना कचरा एकदाच बसून साफ करा. आणि ट्रिम लावूनच शोधायचं असेल तर त्या ट्रिम केलेल्या रूपाचीच सूची बनवा. पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये हे जमतं, मायएस्क्यूएलमध्ये ८.०.१३ पासून जमतं.

१८. एमएच २० चा योगायोग

जाता जाता एक खुसखुशीत. वेबपत्त्यात स्पेस चालत नाही, तिच्या जागी ‘%२०’ लिहितात. सोळाच्या पाढ्याने मोजलं की २० म्हणजे दोन वेळा सोळा, आपला तोच जुना ३२ क्रमांक. आणि आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांचा क्रमांक? एमएच २०. धुळे-सोलापूर महामार्गावर पाचोडच्या चौकात उभं राहा, पाटीपाटीवर २० दिसेल. रिकामी जागा आमच्या नशिबातच लिहिलेली, दुसरं काय!

गाळ्यावर तोवर भाच्याने त्या रकान्यावर ट्रिम ओढला होता. बेरीज २१ झाली, त्याचा जीव भांड्यात पडला. मुनीमजी आपल्या वहीत शेवटची रक्कम अक्षरी लिहीत होते. रक्कम संपली, पुढे त्यांनी ‘मात्र’ लिहिलं आणि ओळीच्या टोकापर्यंत सरळ एक रेघ ओढली.

“ही कशाला?” भाच्याने विचारलं.

“मोकळी जागा सोडली की तिच्यात कोण काय घुसवील, सांगता येतं का?” लेखणीचं टोपण लावत मुनीमजी म्हणाले. “आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात बाबा.”